धातू आणि ओतकाम : शाळेच्या भिंतीवरच्या शब्दकुळांच्या नोंदी

१९ जून

नववी ‘ब’मध्ये फळ्यावर ‘हॉस्पिटल’ लिहीत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल, तिन्हीचं तोंड एकसारखंच कसं काय ओ?” वर्ग हसला. मी नाही हसले. वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांना भेटले. पहिल्या मजल्यावर जिन्यापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत १८ फूट लांब भिंत मोकळी पडली आहे. तिथे शब्दांची कुळं रंगवायची, असं मनात आहे. परवानगी मिळाली. दोन अटी आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी काम संपवायचं आणि रंगाचा खर्च २,००० रुपयांच्या आत बसवायचा.

नियम मी ठरवला. भिंतीवर जाणारा प्रत्येक शब्द मुलांनी घरी, गल्लीत किंवा वडिलांच्या कामावर कानांनी ऐकलेला हवा. फक्त शब्दकोशात भेटणारा शब्द घ्यायचा नाही.

२१ जून

पहिलं कूळ पाहुण्यांचं. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि ज्याच्या घरी तो उतरतो तो यजमानही होस्पेसच. त्यावरून ‘होस्पिताले’, म्हणजे पाहुण्यांची उतरण्याची जागा. मध्ययुगातल्या युरोपात वाटसरू, गरीब, म्हातारे, आजारी सगळे एकाच छपराखाली उतरत. पुढे कामं वाटली गेली आणि शब्दही वाटले गेले. आजाऱ्यांची जागा हॉस्पिटल झाली. शिकणाऱ्या मुलांची हॉस्टेल, पैसे देऊन राहणाऱ्यांची हॉटेल. फ्रेंचांनी बोलता बोलता मधला ‘स’ गिळला, म्हणून हॉटेलात तो नाही. त्यांच्या लिखाणात ‘ओ’च्या डोक्यावर अजून एक छोटी टोपी असते, ती त्या गेलेल्या ‘स’ची खूण. पॅरिसमधलं सगळ्यांत जुनं इस्पितळ आजही नावात ‘हॉटेल’ हाच शब्द मिरवतं.

‘इस्पितळ’ म्हणताना माझंच लक्ष गेलं. तोही त्याच घरचा! पोर्तुगिजांकडून आलेला. म्हणजे मराठीत हे पाहुणे दोन दारांनी आले. एक दार गोव्याचं आणि दुसरं इंग्रजांचं.

मुलांना हॉस्टेलबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्या पाट्या रोज दिसतात. वर्गातल्या दोघींचे आजोबा अशाच बोर्डिंगात राहून शिकले. “पण आपल्याकडं हॉटेल म्हंजे मिसळ खायाची जागा,” एक जण म्हणाला. बरोबर आहे. इंग्रजीत हॉटेलात झोपतात, कोल्हापुरात हॉटेलात खातात. त्याचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. भिंतीवर हॉटेलखाली तेच येणार.

२४ जून

मुलं अडली होती ती एकाच ठिकाणी. एकाच शब्दाचे तीन शब्द होतात कसे? मी मराठीच्या बाईंना वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, गर्भिणी आणि गाभण.

दोन्ही एकच. गर्भिणी हे संस्कृतातून पोथीच्या वाटेने जसंच्या तसं आलं, म्हणून तत्सम. गाभण पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडात घासत आलं, म्हणून तद्भव. आणि अर्थ? बाईला गाभण म्हटलं तर मार खाल, म्हशीला गर्भिणी म्हटलं तर गवळी हसेल. मग मुलांचीच रीघ लागली. क्षेत्र आणि शेत. चूर्ण आणि चुना. ग्रंथी आणि गाठ. कर्म आणि काम.

इंग्रजीतही हेच झालं आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या फ्रेंचमधून घासलेले लॅटिन शब्द आले, आणि पुढे पंडितांनी तेच शब्द ग्रंथांतून पुन्हा उचलले. ‘रेशन’ आणि ‘रीझन’ एकच. ‘रेशो’ तिसरा. तिघांचं मूळ लॅटिन ‘रातिओ’, म्हणजे हिशेब. रीझन म्हणजे मनातला हिशेब, रेशन म्हणजे धान्याचा हिशेब. रेशनच्या दुकानात रांग लावणारी मुलं आहेत ही. त्यांना हे चटकन पटलं.

तत्सम-तद्भव हा धडा मी शाळेत पाठ केला होता, परीक्षेपुरता. तो एवढ्या कामाचा असेल असं कधी वाटलं नव्हतं. मराठीच्या बाई आता प्रकल्पात माझ्याबरोबर आहेत.

१ जुलै

आज ‘मागिस्टर’.

गृहपाठ दिला होता : गल्लीत मिस्त्री कुणाकुणाला म्हणतात? गवंडी मिस्त्री, सुतार मिस्त्री, गॅरेजचा मिस्त्री, यादी लांबली. मिस्त्री, मेस्त्री हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, आणि मेस्त्रे म्हणजे लॅटिन मागिस्टर. शाळेतले मास्तर इंग्रजीच्या दाराने आले, तेही मागिस्टरच. कपडे शिवणारे टेलर-मास्तर, रेल्वेचे स्टेशनमास्तर, लग्नातले बँडमास्तर सगळे त्याच घरचे. कोर्टातला मॅजिस्ट्रेट त्याच घरचा. घाईत उच्चारून पातळ झालेला ‘मास्टर’ म्हणजे ‘मिस्टर’, आणि मराठीत तर मिस्टर म्हणजे नवरा. “आमचे मिस्टर गावाला गेलेत” असं म्हणणाऱ्या बाईला कुठे ठाऊक असतं, की गवंडी, मास्तर आणि न्यायाधीश यांच्या पंगतीत आपण नवऱ्याला बसवलं!

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. मागिस्टरमधलं ‘मागिस’ म्हणजे अधिक. आपल्या ‘महा’चं भावंड. लॅटिनमध्ये याच्या उलट जोडी होती, ‘मिनुस’ म्हणजे कमी, आणि त्यावरून ‘मिनिस्टर’ म्हणजे हाताखालचा, सेवक. रोमन माणसाच्या तोंडी मास्तर वरचा आणि मिनिस्टर खालचा. मायनस, मिनिट आणि हॉटेलातला मेनू हे सगळे मिनुसच्या कुटुंबातले. मिनिट म्हणजे बारीक तुकडा, मेनू म्हणजे बारीक तपशील.

वर्गाला हे फार आवडलं. मला मुलांपेक्षा जास्त.

३ जुलै

‘मेस्त्री’वर अजून एक दिवस घालवला, कारण कोल्हापुरात तो घालवायलाच हवा. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म १८९०, कोल्हापूरचा. लाकूड, रंग, यंत्र सगळ्यांत हात बसलेला माणूस. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जुळवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून मूकपट काढले. ‘सैरंध्री’ १९२० सालचा.

आता शब्द बघा. मेस्त्री म्हणजे मागिस्टर. पेंटर हा लॅटिन ‘पिंगेरे’वरून, रंगवणे. त्याच पिंगेरेवरून ‘पिक्तुरा’, म्हणजे पिक्चर. पेंटरनं पिक्चर काढला, म्हणजे एकाच धातूतून निघालेला कर्ता आणि एकाच धातूतून निघालेलं कर्म! आणि कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये घुमटाच्या छताची खोली. अंधाऱ्या खोलीच्या एका बारीक छिद्रातून समोरच्या भिंतीवर चित्र पडतं, त्या खोलीचं नाव पुढे पेटीला मिळालं. ‘चेंबर’ हा त्याच कॅमेऱ्याचा फ्रेंच तोंडातून घासलेला भाऊ, म्हणून वकिलांचं चेंबर आणि गटारीचं चेंबर. आणि ‘कॉम्रेड’ म्हणजे मुळात एका खोलीत राहणारा सोबती. मोर्चात कॉम्रेड म्हणून हाक मारतात ती मुळात खोलीतल्या जोडीदाराला मारलेली हाक आहे.

या कुळाला भिंतीवर सगळ्यांत मोठी जागा द्यायची. मधोमध.

९ जुलै

चावी. लॅटिन ‘क्लाविस’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘क्ल’ पोर्तुगीजमध्ये ‘च’ झाला. आजच्या लिस्बनमध्ये तो ‘श’ ऐकू येतो, ‘शाव’ म्हणतात. पण गोव्यात पोर्तुगीज आले त्या सोळाव्या शतकात ते ‘च’च म्हणत. म्हणजे त्यांच्या राजधानीत हरवलेला उच्चार आपल्या कमरेच्या जुडग्यात शाबूत आहे. खांद्याजवळच्या गळ्याच्या हाडाला डॉक्टर ‘क्लॅविकल’ म्हणतात, म्हणजे छोटी चावी. एका मुलाचं ते हाड गेल्या वर्षी कबड्डीत मोडलं होतं. शब्द त्यानंच आणला.

१५ जुलै

पगार. मुलांना वाटलं होतं अरबी-फारसी असेल. पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला शांत करायचं म्हणजे त्याचे पैसे चुकते करायचे. इंग्रजीतलं ‘पे’ही त्यातूनच आलं, फ्रेंचच्या वाटेनं. म्हणून पगार आणि पेमेंट सख्खे. ‘पॅसिफिक’ म्हणजे शांत. मॅगेलननं १५२० साली त्या महासागराला ते नाव दिलं.

सॅलरीबद्दल एका मुलीनं इंटरनेटवरून उतरवून आणलं, की रोमन सैनिकांना मिठात पगार मिळायचा. ते मी काढायला लावलं. शब्द मिठावरून आला हे खरं, ‘साल’ म्हणजे मीठ. पण सैनिकांच्या हातात मिठाची पुडी ठेवत असा पुरावा नाही. गोष्ट गोड आहे म्हणून भिंतीवर जाणार नाही. मुलगी जरा नाराज झाली. मी तिला सॅलड, सॉस आणि खायची सलामी दिले, तिघंही मिठाचेच.

२६ जुलै

शाळेला सुट्टी. सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. ४३ फुटांना धोका. वर्गाच्या मोबाइल गटावर दर तासाला आकडा येतो. एका मुलानं लिहिलं, “मॅडम, डेंजर लेव्हलला चार फूट उरल्यात.”

चिंतेतही डोळा शब्दांवर गेला, हे कबूल करते. लेव्हल म्हणजे लॅटिन ‘लिबेला’, छोटा तराजू. लिब्रा म्हणजे तराजू, रास तूळ. गवंड्याच्या हातातली पाण्याची लेव्हल तीच. आणि डेंजर? ते ‘दोमिनुस’वरून आलं, म्हणजे घरधनी, मालक. जुन्या फ्रेंचमध्ये डेंजर म्हणजे मालकाची सत्ता. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं, आणि मुठीत असणाऱ्याला धोका असतोच.

मुलं मला ‘मॅडम’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला. ‘मेआ दोमिना’ म्हणजे माझी घरधनीण. पिक्चरमधला ‘डॉन’ दोमिनुसचा. मुळाशी ‘दोमुस’ म्हणजे घर, आणि संस्कृतातही ‘दम’ म्हणजे घर. ‘दंपती’ म्हणजे घराचे मालक. लग्नपत्रिकेतला दंपती आणि वर्गातली मॅडम एका उंबऱ्यावरच्या.

नदीकाठच्या चार मुलांच्या घरच्यांशी बोलले. तिघं नातेवाइकांकडे गेलेत. एका घरानं वरच्या मजल्यावर सामान हलवलंय.

४ ऑगस्ट

पाणी उतरलं. शाळा सुरू. हजेरी अर्धी.

ज्याच्या घरात पाणी शिरलं त्या मुलाची वही भिजली होती. त्यातली डेंजर-लेव्हलची पानं उन्हात वाळवून त्यानं परत आणली. अक्षर पसरलंय, पण वाचता येतं.

१९ ऑगस्ट

फाउंड्री. या एका कुळासाठी मी दोन महिने थांबले होते. वर्गातल्या अकरा मुलांच्या घरी कुणी ना कुणी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ओतकामात किंवा मशीन शॉपमध्ये आहे.

मुलांनी गटानं बसून फाउंड्रीच्या फांद्या काढल्या, फंड, रिफंड, फाउंडेशन, फाउंडर, फ्यूज, कन्फ्यूज. झाड मोठं आणि सुंदर दिसत होतं. मी घाईत होते, मान हलवली, आणि दोघांनी पेन्सिलचं भिंतीवर उतरवून वर रंगही भरला. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा तपासलं तर निम्मं चूक. माझी चूक.

लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे. ‘फुंदुस’ म्हणजे तळ. फाउंडेशन तळाचं, कारण पाया. फंड तळाचं, कारण साठा. संस्थेचा फाउंडर पाया घालणारा, म्हणून तोही तळाचा. फाउंड्री मात्र ओतण्याची. आणि रिफंड? त्यात फंड दिसतो, तरी तो ओतण्याचाच. ‘रेफुंदेरे’, परत ओतणे. फंडाशी त्याचा काही संबंध नाही.

२० ऑगस्ट

वर्गात चूक सांगितली आणि रंग खरवडला. खरवडताना मुलांनीच विचारलं, मग कन्फ्यूज? कन्फ्यूज म्हणजे एकात एक ओतणे, सगळं मिसळून टाकणे. आणि विजेचा फ्यूज? ‘फुसुस’ म्हणजे ओतलेलं, वितळलेलं. वीज जास्त आली की तार वितळते, म्हणून फ्यूज उडतो. घरातलं नरसाळं, ज्याला कामावर फनेल म्हणतात, तेही फुंदेरेचंच : आत ओतण्याचं साधन.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मॅडम, आमचं आडनाव ओतारी. ओततो म्हणून ओतारी. फाउंड्रीवाला पण त्येच की.” हो, तेच. लॅटिन ‘फुंदेरे’पासून फाउंड्री आणि ओतणेपासून ओतारी, दोन भाषांनी एकाच कृतीवरून धंद्याचं नाव पाडलं. त्याचं वाक्य झाडाच्या खोडावर लिहायचं ठरलं.

आणखी एक फसवी जोडी लिहून ठेवते. कास्टिंग आणि कास्ट. कास्टिंग हा लॅटिनचा नाहीच, उत्तरेकडच्या ‘फेकणे’ अशा अर्थाच्या शब्दातून इंग्रजीत आला. जात या अर्थाचा कास्ट पोर्तुगीज ‘कास्टा’तून आला. स्पेलिंग जवळजवळ सारखं, नातं शून्य. मुलांना मी आता एकच विचारते : सारखं दिसतं की सारखं आहे?

६ सप्टेंबर

फाउंड्री बघायला गेलो. एका मुलीचे वडील तिथे मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे, आहेत, त्यांनी मालकांना विचारून २० मुलांची सोय केली. पायात बूट, डोळ्यांना चष्मे, पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं.

आधी वाळू. काळी, ओलसर, मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरणारी. लोखंडी बॉक्सच्या खालच्या अर्ध्यात लाकडी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या वस्तूचा नमुना, उपडा ठेवला, वरून वाळू टाकली आणि काकांनी रॅमरनं, म्हणजे वाळू दाबायच्या ठोकणीनं, ठोकायला सुरुवात केली. कडेपासून आत, एकसारखा ठोका. मग बॉक्स उलटा केला, वरचा अर्धा बसवला, पुन्हा वाळू, पुन्हा ठोका. दोन्ही अर्धे वेगळे करून पॅटर्नला बारीक टिचक्या मारल्या आणि तो अलगद उचलला. वाळूत एका पंपाच्या कव्हराची पोकळी राहिली, कडा कोऱ्या, एक कणही न ढळलेली. मुलं श्वास रोखून होती.

तिथे उभी असताना दोन शब्द माझ्या डोक्यात एकदम पेटले. पॅटर्न म्हणजे मुळात ‘पॅट्रन’, आश्रयदाता, जो बघून इतरांनी वागावं असा. लॅटिन ‘पात्रोनुस’, त्याच्या मुळाशी ‘पातेर’ म्हणजे बाप. आपला ‘पितृ’ तो हाच, आणि चर्चमधला पाद्रीही. आणि कामगार ओतायच्या लोखंडाला जे ‘मटेरियल’ म्हणत होते, तो शब्द लॅटिन ‘मातेरिया’, जिच्यातून वस्तू घडते ती. तिच्या मुळाशी ‘मातेर’, आई. मॅट्रिकची परीक्षाही आईचीच. नाव नोंदवायच्या वहीला लॅटिनमध्ये ‘मात्रिकुला’ म्हणत, ‘मात्रिक्स’ची धाकटी. पॅटर्न आकार देतो, मटेरियल देह देतं. आईबापांची नावं घेऊन ते दोघं वाळूत भेटतात, आणि कामगार दिवसभर ती नावं घेत असतात.

मी हे मोठ्यानं बोलले, भट्टीच्या आवाजात. काकांनी रॅमर खाली ठेवला, विचार केला, आणि म्हणाले, “म्हंजे पॅटर्न बाद झाला तर माल कितीबी चांगला असूंदे, कास्टिंग रिजेक्टच की ओ.” त्यांनी नातं माझ्यापेक्षा आधी ओळखलं होतं.

मग ओतकाम. लेडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, लोखंडाचा रस आला. सुमारे १,४०० अंश सेल्सिअस. लाल नाही, पांढरट पिवळा, बघवत नाही असा. तो साच्याच्या तोंडातून आत गेला तेव्हा वाळूच्या फटींतून निळ्या ज्वाळा निघाल्या आणि रायझरमधून, म्हणजे साच्यातून वर येणाऱ्या वाटेतून, रस वर डोकावला, म्हणजे पोकळी भरली. ओतणारा माणूस एकदाही हलला नाही, फक्त मनगट.

इथे आता विजेवरची इंडक्शन भट्टी आहे. आधी कोळशावरची उभी भट्टी, क्युपोला, होती. क्युपोला म्हणजे लॅटिन ‘कूपुला’, छोटं पिंप. आणि चहाचा कप त्याच ‘कूपा’चा. विद्वान त्याची सोयरीक संस्कृत ‘कूप’शी, विहिरीशी लावतात. मोल्ड म्हणजे ‘मोदुलुस’, छोटं माप. मॉडेल आणि मॉड्यूल त्याचे भाऊ. घरात टॉयलेटला बसवतात तो कमोडही याच मापाचा, ‘योग्य मापाचं, सोयीचं’.

परत येताना बसमध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, आपल्याकडे व्याकरणातल्या क्रियापदाच्या मुळालाही धातू म्हणतात आणि भट्टीतल्या लोखंडालाही धातू. दोन्ही एकच संस्कृत शब्द, ज्यावर उभारायचं ती मूळ वस्तू. प्रकल्पाचं नाव तिथेच ठरलं.

१२ सप्टेंबर

गणेशोत्सवात काम बंद. दोन मुलं मंडळाच्या देखाव्यासाठी रंगकाम करताहेत, त्यांच्याकडून ब्रश मागून ठेवले.

३० सप्टेंबर

भिंतीवर रंग. पाया पांढरा, खोडं तपकिरी, लॅटिन मूळ जमिनीखाली काळ्या अक्षरात, पोर्तुगिजांच्या दारानं आलेले शब्द लाल, इंग्रजांच्या दारानं आलेले निळे. जिथे संस्कृतचं भावंड सापडलं तिथे शेजारी हिरवं पान. महा, दंपती, पितृ, मातृ, कूप.

आणखी एक हिरवं पान हवंच, म्हणून दत्त घेतला. संस्कृतात दत्त म्हणजे दिलेला. लॅटिनमध्ये ‘दातुस’ म्हणजे दिलेला. रोमन पत्रांच्या शेवटी ‘दाता रोमाए’ असं लिहीत, म्हणजे रोममध्ये अमुक दिवशी दिलं. त्या दातातून ‘डेट’ आणि ‘डेटा’. या वहीत मी प्रत्येक पानाला टाकते ती डेट आणि नृसिंहवाडीचे दत्त, दोघांचा धातू एकच. शिरोळकडच्या एका मुलीनं हे पान स्वतः रंगवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

‘डोनेशन’ कुठे बसवायचं यावरून वाद झाला. ‘दोनुम’ म्हणजे दान, म्हणून दत्ताशेजारीच बसला.

११ ऑक्टोबर

पालकसभा. भिंतीसमोर गर्दी. एक आजी मिस्त्री-मिस्टरच्या झाडाखाली बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे यजमान गवंडी होते. “म्हंजे आमचे मिस्टर मिस्त्रीच,” म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मग ज्याची वही भिजली होती त्याचे वडील आले. कामाच्याच कपड्यांत, हाताला कटिंग ऑइलचा वास. सगळी भिंत त्यांनी डावीकडून उजवीकडे वाचली आणि मला म्हणाले, “मॅडम, फाउंड्री झाली, पेंटर झाला, मिस्त्री झाला. टर्नर कुठं हाय?”

नव्हता. ओतून आलेला माल टर्नरकडे जातो, तो लेथच्या यंत्रावर गोल फिरवत कापला जातो, मगच त्याचा पार्ट होतो. आम्ही ओतकामावरच थांबलो होतो. घरी आल्यावर बसले. लॅटिन ‘तोर्नारे’, म्हणजे लेथवर फिरवणे. मुळात शब्दच लेथचा! टर्न म्हणजे वळणे हा अर्थ मागाहून आला. रिटर्न त्यातून. सहलीची ‘टूर’ त्यातून, म्हणजे फिरून पुन्हा सुरुवातीला येणं. कोर्टातली ‘अटर्नी’ त्यातून, ज्याच्याकडे काम वळवलं तो. हे सगळं लेथवर माल धरणाऱ्या एका फिरत्या चकमधून निघालं आहे, आणि तो चक चालवणारा माणूस माझ्यासमोर उभा राहून आपला शब्द मागत होता.

प्रयोगशाळेच्या दाराजवळ पावणेदोन फूट जागा शिल्लक आहे. वडिलांना फोन केला. रविवारी सुट्टी आहे, मुलाला घेऊन येतो म्हणाले, खोडाचं गोल माप मीच काढून देतो. लागणारं सामान : निळा ऑइलपेंट पाव लिटर, एक इंची ब्रश, कंपास.